बाईकचा ब्रेक लाइट लागत नाही : बल्ब बदलण्याआधी काय तपासायचं

"दादा, तीन बल्ब घातले की! घातला की लागतोय, दोन दिवस जातात, परत बंद." गेल्या हिवाळ्यात गल्लीतल्या एका पोरानं गाडी दारात आणून लावली. काढलेला तिसरा बल्ब खिशातच होता. तो थेट बॅटरीवर लावून बघितला तर चकचकीत पेटला. आधीचे दोन त्यानं फेकून दिले होते. तेही चांगलेच असणार.

बिघाड बल्बात नव्हताच. दिवाळीआधी मागचं मडगार्ड आणि नंबर प्लेटची पट्टी रंगवून घेतली होती, आणि ज्या बोल्टातून बल्बच्या होल्डरला अर्थिंग (करंट बॅटरीकडं परत जायची वाट) मिळायचं त्या बोल्टाखाली रंगाचा थर बसला होता. बल्ब बदलताना होल्डर हलायचा, रंगाला कुठंतरी चरा पडायचा, लाइट लागायचा. दोन दिवस खड्ड्यांतून गाडी फिरली की परत बंद. बल्ब बदलल्यानं लाइट लागला, म्हणून पोरानं दोष बल्बावर टाकला.

ही चूक सगळेच करतात, कारण बल्ब हाताला लगेच येतो. खाली क्रम दिलाय तसाच ठेवा. मी सांगितल्याशिवाय मधला टप्पा गाळला की पुढची तपासणी खोटं उत्तर देते.

## तयारी

मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) असला तर उत्तम, पण त्याच्या आधी टेस्टिंग बल्ब करा. जुन्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब घ्यायचा, त्याच्या बॉडीला एक आणि बुडाच्या टिकलीला एक अशा दोन वायरी डाग देऊन (सोल्डर करून) जोडायच्या, टोकांना दोन क्लिपा. खर्च जवळपास नाही आणि मीटरपेक्षा जास्त खरं बोलतो.

कारण असं : वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आणि उरलेली गंजली तरी मीटर १२ व्होल्टच दाखवतो. मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. बंद तोटीला प्रेशर असतंच, तोटी उघडल्यावर करंगळीएवढी धार येते, तसा प्रकार. ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर ओढणारा. अशा गंजक्या तारेतून तेवढा करंट नीट जात नाही. टेस्टिंग बल्ब थोडा तरी भार टाकतो, त्यामुळं तो मंद पेटतो आणि लबाडी लगेच कळते.

बाकी सामान : बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे, व्हॅसलिन, मीटरभर मल्टीस्ट्रँड वायर, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी), डाग द्यायची इस्त्री, आणि गाडीच्याच अँपिअरचे दोन फ्यूज.

सावधान : वायर कापायची किंवा जोडायची असेल तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, लावताना ती शेवटी लावा. उलट केलंत आणि पाना चुकून चेसीला टेकला, तर ठिणगी कसली उडते ते कळेल.

## टप्पा १ : हात लावण्याआधी लक्षण लिहून काढा

खरंच कागदावर लिहा. चावी चालू, इंजिन बंद ठेवून पुढचा ब्रेक दाबा. मग मागचा. मग इंजिन चालू करून तेच परत करा. हॉर्न आणि इंडिकेटर चालतात का, तेही लिहा.

मागच्या साध्या बल्बात दोन फिलामेंट असतात : ५ वॅटची टेलची (मागं कायम पेटणारा मंद दिवा), २१ वॅटची ब्रेकची. दोघींना करंट वेगवेगळ्या वायरीनं येतो, पण परत जायची वाट, म्हणजे अर्थिंग, एकच. पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे स्विच पॅरललमध्ये असतात, म्हणजे कुठलाही एक दाबला तरी लाइट लागतो. एवढं डोक्यात ठेवलं की निम्मा तपास कागदावरच होतो.

एका ब्रेकनं लागतो आणि दुसऱ्यानं नाही : बल्ब, फ्यूज, अर्थिंग, मागची वायर सगळं ठीक आहे. दोष त्या दुसऱ्या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत. थेट टप्पा ५ वर जा.

दोन्ही ब्रेकनं लागत नाही, टेल मात्र लागतो : ब्रेकची फिलामेंट गेली असेल, किंवा ब्रेकची वायर वाटेत तुटली असेल. दोन्ही स्विच एकाच वेळी जाणं क्वचितच. हॉर्नही बंद असेल तर आधी फ्यूज.

ब्रेक दाबला की टेल विझतो, किंवा इंडिकेटर मंद पेटतात, किंवा स्पीडोमीटरचा दिवा उजळतो : हे अर्थिंगच. परत जायची वाट बंद झाल्यावर करंट दुसऱ्या बल्बांच्या फिलामेंटमधून उलटा शिरून वाट शोधतो. "गाडीत भूत शिरलंय" म्हणतात ते हेच.

ब्रेक लाइट सतत पेटलेला : कुठला तरी स्विच अडकलाय. याकडं दुर्लक्ष नको. २१ वॅटचा बल्ब तासन्‌तास पेटता राहिला की होल्डरचं आणि काचेचं प्लास्टिक वितळतं.

आणि एक प्रकार जो बिघाड नसतोच : बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट आणि टेल मॅग्नेटच्या (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राच्या) एसी करंटवर चालतात, बॅटरीवर नाही. इंजिन बंद असताना टेल लागत नाही म्हणून वायरिंग उचकटू नका. अशा गाडीत टेलच्या वायरीवर मीटर डीसीला ठेवला तर काही दिसणार नाही, एसीला ठेवा. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांत इंजिन चालू असलं की हेडलाइट कायम चालू असतो, टेलही त्याच्याबरोबर.

## टप्पा २ : बॅटरी आणि फ्यूज

हे लवकर उरकतं. चावी बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास हवी. इंजिन चालू करून रेस दिल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) गेलाय, आणि तुमचे बल्ब वरचेवर का उडतात ते तिथंच कळलं.

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून "ठीक आहे" म्हणू नका. केसाएवढी चीर दिसत नाही. काढून मीटरवर कंटिन्यूइटी, म्हणजे आतली वाट सलग आहे का, बघा. फ्यूज चांगला निघाला तर त्याच्या क्लिपा बघा, पावसाळ्यानंतर त्यांच्यावर हिरवट पूड असते.

सावधान : १० अँपिअरच्या जागी २० चा फ्यूज नको, चांदीचा कागद गुंडाळलेला तुकडा तर नकोच. मग फ्यूजच्या जागी वायर जळते, आणि ती जळते ती पेट्रोलच्या टाकीखालून जाते.

## टप्पा ३ : बल्ब आणि होल्डर

बल्ब काढून बॅटरीवर दोन्ही फिलामेंट वेगवेगळ्या तपासा. काचेला चंदेरी किंवा काळपट झाक असेल तर पेटत असला तरी बदला.

इथल्या दोन चुका मला दर महिन्याला दिसतात. दोन फिलामेंटच्या बल्बाच्या दोन पिना वरखाली असतात, त्या होल्डरच्या वरखाली खाचांतच बसतात. अंधारात जोर लावून उलटा घातला की टेल झगझगीत आणि ब्रेक मंद, असा उलटा कारभार होतो. मागून येणाऱ्याला तुम्ही कायमच ब्रेक दाबून चाललाय असं वाटतं.

दुसरी चूक, एक फिलामेंटचा बल्ब दोन फिलामेंटच्या होल्डरात दाबून बसवणं. त्याच्या बुडाला एकच मोठी टिकली असते, ती होल्डरच्या दोन्ही टोकांना एकदम चिकटते. मग ब्रेकचा करंट टेलच्या वायरीत घुसतो आणि ब्रेक दाबला की स्पीडोमीटरचे दिवे लागतात. दुकानात नुसता "मागचा बल्ब द्या" म्हणू नका. "दोन फिलामेंट, २१ बाय ५" म्हणून मागा आणि जुना दाखवा.

होल्डरच्या बुडातली दोन टोकं स्प्रिंगवर वर उचललेली हवीत. दबून गेली असतील तर बारीक स्क्रू ड्रायव्हरनं अलगद वर काढा, चावी बंद ठेवून. आतला गंज पॉलिश पेपरनं घासा. घासलेली पूड फुंकून बाहेर काढायची, आत ठेवायची नाही.

## टप्पा ४ : अर्थिंग, इथं घाई नको

निम्म्याहून जास्त केसेस माझ्या हाताखाली इथंच संपल्या. तपासणी तीन मिनिटांची आहे.

बल्ब काढलेलाच ठेवा. चावी चालू, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. टेस्टिंग बल्बची एक क्लिप होल्डरच्या आतल्या ब्रेकच्या टोकाला टेकवा. दुसरी क्लिप आधी होल्डरच्या पत्र्याला लावा, मग लांब वायरीनं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला.

दोन्हीकडं सारखा पेटला : अर्थिंग बहुतेक ठीक. बॅटरीच्या निगेटिव्हला पेटला, होल्डरच्या पत्र्याला नाही किंवा मंद : अर्थिंग गेलंय, पुढं शोधायची गरज नाही. दोन्हीकडं नाही पेटला : करंटच इथवर येत नाही, टप्पा ५ आणि ६.

मीटर असेल तर आणखी नेमकं बघता येतं. बल्ब घालून, ब्रेक दाबून, मीटरची लाल पिन होल्डरच्या पत्र्याला आणि काळी बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.१ ते ०.२ व्होल्ट दिसलं तर छान. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर वाट खराब. थेट १२ च्या जवळ दिसलं तर वाट तुटलेलीच.

आता दुरुस्ती. होल्डरचं अर्थिंग वायरीनं येतं की नुसतं बोल्टातून, ते बघा. होंडा आणि जुन्या हिरो होंडाच्या वायरिंगमध्ये हिरवी वायर म्हणजे अर्थिंग, हिरव्यावर पिवळी रेघ म्हणजे ब्रेक, तपकिरी म्हणजे टेल. दुसऱ्या कंपनीच्या गाडीला हे रंग लावू नका, प्रत्येकाचं वेगळं असतं. वायरीच्या टोकाची रिंग सोडा, तिच्याखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा चकचकीत करा, रिंगही घासा. बोल्ट आवळा. मग वरून व्हॅसलिनचा पातळ थर. आधी व्हॅसलिन आणि मग रिंग, असा उलटा क्रम नको.

रंगवलेल्या गाडीत मी आता वादच घालत नाही. होल्डरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी काळी वायर ओढतो. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि बोल्टाच्या भरवशावर राहावं लागत नाही.

तपासा : होल्डर हातानं हलवत ब्रेक दाबा. लाइट लुकलुकत असेल तर काम अजून झालेलं नाही.

## टप्पा ५ : ब्रेकचे स्विच

पुढच्या ब्रेकचा स्विच लिव्हरच्या खाली, एका बारीक स्क्रूवर बसलेला असतो. त्याच्या दोन पिना काढा आणि दोन्ही वायरींची टोकं छोट्या तारेनं जोडा. लाइट लागला तर स्विच खराब. नाही लागला तर स्विच बदलून उपयोग नाही, वायर बघा. सर्व्हिस सेंटरवर प्रेशरनं गाडी धुतल्यावर दोन दिवस पुढच्या ब्रेकनं लाइट लागत नाही, मग आपोआप लागतो, असं होत असेल तर आत पाणी शिरतंय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या. तरी होत असेल तर स्विच बदला, तो महाग नसतो.

मागचा स्विच ब्रेक पेडलजवळ उभा असतो, खाली स्प्रिंग लोंबते. याला चिखलाचा फार त्रास. उसाच्या फडातून, कच्च्या वाटेनं रोज गाडी नेणाऱ्यांच्या स्विचमध्ये चिखल वाळून दांडा वर अडकतो किंवा खाली. आधी ब्रशनं धुवा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

ॲडजस्ट करायचा तर क्रम महत्त्वाचा. आधी मागचा ब्रेक ॲडजस्ट करा, मग स्विच. उलट केलंत तर पेडलची चाल बदलते आणि स्विच परत चुकतो. स्विचची बॉडी एका हातानं घट्ट धरा आणि फक्त नट फिरवा. बॉडीच फिरवलीत तर खालच्या वायरींना पीळ बसून त्या आतून तुटतात. बॉडी वर आली की लाइट लवकर लागतो, खाली गेली की उशिरा. ब्रेक धरायला लागण्याच्या किंचित आधी लाइट लागायला हवा. फार वर घेतलात तर खड्ड्यात पेडल हललं तरी तो लुकलुकत राहतो.

सावधान : एबीएस किंवा फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत ब्रेक स्विचचा सिग्नल ईसीयूकडंही (गाडीच्या कॉम्प्युटरकडं) जाऊ शकतो. अशा गाडीत अनोळखी वायरीला टेस्टिंग बल्ब लावू नका. फक्त स्विचच्या आणि मागच्या दिव्याच्या वायरींपुरतं थांबा.

## टप्पा ६ : मधली वायर, अर्धी अर्धी करत

करंट स्विचपर्यंत येतो आणि होल्डरपर्यंत पोचत नाही. आता पुढून मागं इंच इंच वायर सोलत बसायचं नाही. मधोमध तपासा. सीटखाली किंवा मागच्या पॅनेलच्या आत मागच्या दिव्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) असतो. ब्रेक दाबून तिथं टेस्टिंग बल्ब लावा. पेटला तर दोष कपलरच्या मागं, नाही पेटला तर पुढं. मग उरलेल्या अर्ध्यात परत मधोमध.

तुटायच्या जागा ठरलेल्या आहेत : हँडलच्या मानेजवळ जिथं वायरिंग रोज वळतं, सीटच्या बिजागरीखाली, कॅरिअरच्या बोल्टाजवळ, आणि मडगार्डच्या आत जिथं टायर घासतो. बाहेरचं प्लास्टिक धड असतं, आत तांबं तुटलेलं. वायर दोन्ही हातांत धरून अलगद ओढून बघा. रबरासारखी ताणली गेली तर तिथंच तुटली आहे.

पुराच्या पाण्यात राहिलेल्या गाड्यांचं प्रकरण वेगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापूर शहरात शिरलं तेव्हा पुष्कळ गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. धुऊन, तेल बदलून त्या चालू झाल्या, पण कपलरमधून पाणी वायरीच्या आत, तांब्याच्या तारांमधून वर चढलेलं होतं. वर्षा-दोन वर्षांनी ते नडतं. अशी वायर सोलली की तांबं काळं निघतं. काळ्या तांब्याला डाग धरत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागं कापत जा. वीतभर कापूनही काळंच लागलं तर तो तुकडाच बदला.

जोड देताना वायरी पिळून नुसती टेप मारू नका. आपल्या पावसात टेपचा डिंक सुटतो, आत ओल धरते, आणि पुढच्या जुलैत तुम्ही परत इथंच बसलेले असता. आधी स्लीव्ह वायरीत ओवा (हे विसरून डाग दिला की काय होतं ते प्रत्येकानं एकदा अनुभवलंय), मग तारा एकमेकींत गुंतवा, डाग द्या, थंड झाल्यावर स्लीव्ह जोडावर ओढून गरम करा. दोन वायरी शेजारी असतील तर जोड समोरासमोर ठेवू नका, इंचभर पुढंमागं घ्या.

## टप्पा ७ : फ्यूज उडतच असेल तर

एकामागून एक फ्यूज जाळू नका. फ्यूज काढा आणि त्याच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा. चावी चालू करा. कुठं शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण झगझगीत पेटेल आणि वायर जळणार नाही. आता एकेक कपलर काढत जा. ज्या कपलरला बल्ब एकदम मंदावतो, त्याच्या नंतरच्या वायरीत शॉर्ट आहे. थोडा मंद पेटलेला राहणं चालतं, तो गाडीतल्या बाकीच्या भाराचा असतो. ब्रेक दाबल्यावरच झगझगीत होत असेल तर शॉर्ट ब्रेकच्या वायरीत आहे. आधी मडगार्डच्या आतली बाजू बघा, मग कॅरिअर आणि बाहेरून बसवलेले जादा दिवे. जादा दिव्यांसाठी ब्रेकच्या वायरीला मारलेला टाका हा माझा पहिला संशयित असतो.

## एलईडी घातला असेल तर

साध्या बल्बाला उलटसुलट चालतं, एलईडीला नाही. प्लस-मायनस उलटं झालं की तो गप्प बसतो, बिघडलेला नसतो. एसीवर टेल चालणाऱ्या जुन्या गाडीत साधा एलईडी बल्ब घातला की तो फडफडतो आणि लवकर जातो. कंपनीनं दिलेला सीलबंद एलईडी टेल लॅम्प असेल तर कपलरवर करंट आणि अर्थिंग तपासा. दोन्ही ठीक असतील तर अख्खा लॅम्प बदलावा लागतो. त्याची काच फोडून आत डाग देणारे भेटतात. लॅम्प पेटतो, पण पहिल्या पावसात आत पाणी साचतं.

## शेवटची तपासणी

पॅनेल बसवण्याआधी करा. बसवल्यावर काही निघालं तर सगळे स्क्रू परत काढावे लागतात.

इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, प्रत्येक टोकाला पुढचा ब्रेक दाबा. सीट बसवून तिच्यावर बसा, मागचा ब्रेक दाबा. इंडिकेटर चालू ठेवून ब्रेक दाबा, इंडिकेटरच्या लयीत ब्रेक लाइट हलायला नको. मग पॅनेल बसवा आणि तीच तपासणी परत करा, कारण बसवताना वायर स्क्रूखाली चिमटली जाते. त्या पोराच्या गाडीत मीच ती चिमटवली होती, आणि दोन स्क्रू परत काढले.

अंधार पडल्यावर कुणाला तरी मागून यायला सांगा आणि दोन-तीन स्पीड ब्रेकरवरून गाडी न्या. त्या पोराला मी शिरोलीपर्यंत पिटाळलं आणि मागून निघालो. पुढं उसाची ट्रॉली, तिला मागं एकही दिवा नाही. पोरानं ब्रेक दाबला आणि त्याचा लाल दिवा लख्ख लागला. सांगली फाट्यापर्यंत तो अकरा वेळा लागला, मी मोजत होतो.